भंडारदऱ्याच्या काठी, चौदा जणांत

तंबू घेऊन एकटीने राहायला मी सुरुवात केली त्याला या डिसेंबरात नऊ वर्षे पूर्ण झाली. या नऊ वर्षांत मुकणे धरणाचा काठ, वैतरणेच्या जलाशयाभोवतीचे माळ आणि भंडारदऱ्याचा बराचसा परिसर मी रात्रीचा पाहिला. पण त्यातली एकही रात्र मी अनोळखी माणसांच्या समूहात काढली नव्हती. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वैतरणेच्या काठावर ओल्या दगडावरून पाय घसरला, घोटा मुरगळला आणि जेमतेम दोन किलोमीटरवर असलेल्या रस्त्यापर्यंत पोहोचायला मला जवळपास तीन तास लागले. घरी आल्यावर धाकट्या बहिणीने आरडाओरडा केला नाही. घोट्याला लेप लावता लावता ती एवढेच म्हणाली, "ताई, एकदा तरी माणसांबरोबर जाऊन ये. नाही आवडलं तर परत एकटी जा, मी काही बोलणार नाही." तिचे हे न बोलणे मला फार लागले. म्हणून नाशिकच्याच एका हौशी गटाबरोबर शुक्रवार ते रविवार अशा दोन रात्रींसाठी मी नाव नोंदवले. गट चौदा जणांचा, ठिकाण भंडारदऱ्याच्या जलाशयाचा मुरशेतकडचा काठ. तंबू मात्र माझा मी नेईन, एवढी एक अट मी घातली होती आणि गटाच्या प्रमुखांनी ती आनंदाने मान्य केली.

नाशिकहून भंडारदरा सुमारे सत्तर किलोमीटर. महामार्गाने घोटीपर्यंत जायचे, तिथून राजूरच्या रस्त्याला लागायचे, आणि बारी गावापाशी कळसूबाई डोक्यावर आली की समजायचे, आता फार राहिले नाही. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर रस्त्यावरून पाहताना वाटते तितके दूरचे नाही. त्याच्या पायथ्याची भातखाचरे थेट डांबराला येऊन टेकतात. डिसेंबरात ही खाचरे कापून मोकळी झालेली असतात, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात आणि उघड्या पडलेल्या बांधांवर गवत पिवळे पडू लागलेले असते. बाकीची मंडळी संध्याकाळी एका गाडीतून येणार होती. मी नेहमीच्या सवयीप्रमाणे घोटीपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने येऊन दुपारी तीनलाच काठावर पोहोचले होते. उजेडात जागा पाहिल्याशिवाय मी तंबू लावत नाही.

ज्या कुटुंबाच्या जमिनीवर हा तळ आहे, त्यांची तीन-चार खाचरे पाण्याच्या दिशेने पायऱ्यांसारखी उतरत गेलेली आहेत. भाड्याचे तंबू त्यांनी अगदी खालच्या खाचरात, पाण्याला लागून, एका ओळीत लावले होते. तंबूचे दार उघडले की समोर पाणी आणि पाण्यापलीकडे रतनगड दिसावा, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. मात्र थंडीच्या रात्री डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन खाली सरकते आणि सगळ्यात खालच्या जागी साचून राहते. त्यात पाण्याची वाफ मिसळली की पहाटे तंबूच्या आतल्या अंगाला दव धरते आणि थेंब थेंब अंथरुणावर टपकते. मी भूगोल शिकवते. वर्गात फळ्यावर आकृती काढून जे सांगते, ते मी मुकण्याच्या काठावर एकदा रात्रभर भिजून शिकले होते. म्हणून मी दोन खाचरे वर, बांधाच्या आडोशाला माझी जागा धरली. घरधनी (त्यांना सगळे बाबा म्हणत) जवळ येऊन उभे राहिले आणि बराच वेळ काही न बोलता पाहत होते.

कापलेल्या भाताच्या खाचरात तंबूची खुंटी ठोकणे हे काम वाटते त्याहून कठीण असते. वरचा चार बोटांचा थर भुसभुशीत, त्यात भाताची धसकटे. त्याखाली चिखलणी करून करून घट्ट झालेली आणि आता वाळून दगड बनलेली माती. खुंटी सरळ मारली तर वाकते. ती तंबूच्या उलट्या दिशेला झुकवून, धसकटाच्या अगदी मुळाशी मारायची, कारण तिथे मुळांच्या जाळीमुळे माती किंचित भेगाळलेली असते आणि तीच जाळी खुंटीला धरूनही ठेवते. माझी तिसरी खुंटी ठोकून होईपर्यंत बाबांनी एक गोल दगड आणून माझ्या हाताशी ठेवला होता. "ताई, वारा वळणदार आहे इथला. रात्री गडाकडून येतो नि पहाटं धरणाकडून," ते म्हणाले. मी दोर सोडून तंबूचे तोंड पुन्हा फिरवले. अशी माहिती कुठल्या नकाशावर मिळत नाही, आणि एकटीने हिंडताना मी जे काही टिकून राहिले ते अशाच माणसांना विचारून, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या जमिनीवर राहिल्यामुळे, हे मला इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. एकटे राहणे म्हणजे कुणालाही न सांगता राहणे, असा एक समज तरुण मुलांमध्ये दिसतो. तो मला धोक्याचा वाटतो.

काठावर पाण्याच्या वरच्या बाजूला हातभर रुंदीचा ओल्या गाळाचा पट्टा दिसत होता. गेल्या आठवड्यात पाणी तिथवर होते, असे बाबांनी सांगितले. रब्बीसाठी पाणी सुटले होते. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा इथे अडवली आहे. धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. दगडी बांधकामाची सुमारे २७० फूट उंचीची ती भिंत आणि तिच्यामागचे अकरा टीएमसी पाणी यांच्यावर खालच्या अंगाची संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागांतली शेती उभी आहे; प्रवराकाठच्या उसाची आणि साखर कारखानदारीची सगळी गोष्ट या पाण्यापासून सुरू होते. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ती कुटुंबे मात्र काठावरच्या उतारावर भात आणि नागली पिकवत राहिली. बाबांच्या आजोबांचे शेत आज आपण पाहतो त्या पाण्याखाली आहे. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, शेताचा बांध दाखवावा तसा त्यांनी पाण्यात हात केला आणि म्हणाले, "तिथं, त्या पाणकावळ्याच्या पलीकडं."

संध्याकाळी साडेपाचला गाडी आली आणि काठ एकदम भरून गेला. महाविद्यालयात शिकणारे चार तरुण, एक जोडपे आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा, बँकेत काम करणाऱ्या दोन मैत्रिणी, औषधांचे दुकान चालवणारे एक काका आणि काकू, गटाचे प्रमुख, आणि सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई, ज्यांना पहिल्या तासातच सगळे सिस्टर मावशी म्हणू लागले. सगळी माणसे चांगली होती, तरी मला पहिला तास जड गेला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मी ज्या वेळेला नेहमी गप्प बसून पाणी काळे होताना पाहते, त्याच वेळेला तिथे बॅगा उतरवल्या जात होत्या, कुणाचा चार्जर हरवला होता, चहाचे कप मोजले जात होते. रतनगडाच्या मागे सूर्य गेला ते मी पाहिले, पण त्या पाहण्यात मन नव्हते. मी माझ्या तंबूत जाऊन दहा मिनिटे नुसती बसून राहिले.

मला बाहेर काढले ते त्या दहा वर्षांच्या मुलाने. त्याला माझ्या तंबूच्या दोराची गाठ पाहायची होती. ही सरकती गाठ असते: दोर ओढून घट्ट केला की तिथेच बसते आणि बोटाने ढकलली की पुन्हा सैल होते. मी त्याला दोन वेळा करून दाखवली, तिसऱ्यांदा त्याने केली, चौथ्यांदा चुकली, पाचव्यांदा पक्की बसली. मग तो खालच्या ओळीतल्या प्रत्येक तंबूचे दोर तपासत गेला आणि ज्याचा दोर सैल त्या तंबूच्या मालकाला मोठ्या अधिकाराने बोलावू लागला. त्याच्या मागोमाग मलाही जावे लागले, आणि भाड्याच्या तंबूंपैकी तीन तंबू अंधार पडण्याआधी आम्ही सगळ्यांनी मिळून वरच्या खाचरात आणले. प्रमुखांनी याबद्दल जराही वाईट वाटून घेतले नाही. उलट पुढच्या वेळी सगळेच तंबू वर लावायचे, असे त्यांनी बाबांशी तिथल्या तिथे ठरवून टाकले.

रात्रीच्या जेवणाची सोय बाबांच्या घरी होती. चुलीपाशी त्यांच्या पत्नी नागलीच्या भाकरी थापत होत्या. नागलीच्या पिठाला ज्वारीबाजरीसारखी चिकटपणाची साथ नसते, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात घोटून उकड काढतात आणि ती गरम असतानाच मळतात. बोटे पोळतात म्हणून वाटीतले पाणी हाताला लावत राहायचे. त्या पाण्याची चटकन वाफ होत होती आणि त्यांच्या तळव्यांना तांबूस पिठाचा रंग चढला होता. भाकरीबरोबर वालाची आमटी, लसणाचा ठेचा आणि काळभाताचा वाफाळता भात होता. काळभात हे अकोले तालुक्यातले जुने, सुवासिक वाण. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे जपण्यासाठी जे काम केले आणि ज्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा अर्थ मला त्या रात्री ताटात पाहायला मिळाला. घरातल्या बाई वालाचे बी घरचेच ठेवतात. ते त्यांनी राखेत घोळवून मडक्यात ठेवलेले मला दाखवलेही. भाकरी वाढता वाढता त्यांनी मला विचारले, "एकल्याच ऱ्हाता म्हणं तुम्ही रानात? भ्याव नाही वाटत?"

हा प्रश्न मला नऊ वर्षांत शेकडो वेळा विचारला गेला आहे आणि त्याचे माझे एक तयार उत्तरही आहे. त्या दिवशी मात्र ते ओठांवर आले नाही. मी म्हटले, "वाटतं. म्हणून झोप लागत नाही." बाईंनी मान हलवली आणि आणखी एक भाकरी वाढली. चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या सिस्टर मावशींनी हे ऐकले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण एकटीने तंबूत राहणाऱ्या बाईची रात्र नेमकी कशी असते, हे फारसे कुणी लिहीत नाही. मी जागा निवडते ती घरापासून हाकेच्या अंतरावर, पण रस्त्यावरून दिसणार नाही अशी. रात्री आठला बहिणीला ठिकाण कळवते. बूट तंबूच्या आत, उजव्या बुटात टॉर्च, गळ्यात शिटी, डोके चेनच्या बाजूला, फोन पिशवीत न ठेवता स्लीपिंग बॅगच्या आत. एवढे सगळे झाल्यावर मी आडवी होते आणि माझा एक कान जागाच राहतो. गुरांच्या पावलांचा, कुत्र्याचा, वाळक्या पानावर पडलेल्या दवाचा आणि माणसाच्या चालण्याचा आवाज मला झोपेतही वेगवेगळे ओळखता येतात. सलग दोन तास झोप लागली तर ती चांगली रात्र. याची मी कधी तक्रार केली नाही, कारण या जागेपणानेच मला पहाटेचे चार ते सहा हे दोन तास दिले; पाण्यावर धुके उतरताना, टिटवी उगीचच ओरडून गप्प होताना, डोंगराची कड काळ्याची निळी होताना पाहण्याचे ते तास मी कुणाशीही वाटून घेतले नव्हते. पण जागेपणा हा माझ्या एकटेपणाचा भाग नसून त्यासाठी मोजलेली किंमत आहे, हे मला इतक्या वर्षांत उमगले नव्हते.

शुक्रवारची रात्र तशीच गेली. तेरा माणसे आजूबाजूला असूनही कान जागा राहिला. उलट त्याला काम जास्त लागले, कारण कोण कुठे चालते आहे ते ओळखू येत नव्हते. रात्री शेजारच्या तळावर स्पीकर सुरू होता. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये, हा नियम २००० सालापासून आहे आणि हा सगळा टापू तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या शेजाराचा, बराचसा त्याच्या आतला. दहाला दहा मिनिटे कमी असताना बाबा काठी घेऊन, टॉर्च न लावता, शांतपणे तिकडे चालत गेले आणि सव्वादहाला आवाज बंद झाला. ते काय बोलले ते मी विचारले नाही. आवाज थांबल्यावर लाटांचा काठावरचा चुबुक चुबुक आवाज एकदम जवळ आला आणि खालच्या ओळीतले तरुण, जे तोवर मोठमोठ्याने बोलत होते, तेही आपोआप कुजबुजू लागले.

पहाटे पाचला मी नेहमीसारखी उठून पाण्याशी गेले. थर्मामीटर आठ अंश दाखवत होता. सहाच्या सुमारास, अजून पुरते उजाडले नसताना, चार तरुणांपैकी एक जण टॉवेल घेऊन खाली आला. त्याला पोहायचे होते. तो तलावात शिकलेला, चांगला पोहणारा मुलगा होता आणि पाणी काठाशी गुडघाभर दिसत होते. मी त्याला थांबवले, आणि नुसते थांबवले नाही, तर बाबांनी आदल्या दिवशी दाखवलेली पाण्याखालची शेते त्याला दाखवली. इथला तळ म्हणजे एकाखाली एक बुडालेली खाचरे आहेत. गुडघाभर पाण्यात दहा पावले सपाट चालता येते आणि अकराव्या पावलाला जुना बांध संपतो, पुढे एकदम पुरुषभर खोली. बांधाच्या पायाशी शंभर वर्षांचा गाळ. त्यात पाय रुतला की चांगला पोहणाराही धडपडतो, आणि गार पाण्याने श्वास आखडतो तो वेगळाच. मी हातातली काठी पाण्यात टेकवत टेकवत त्याला काठावरून दाखवले: इथे काठी टेकते, इथे टेकते, इथे नाही. तिसऱ्या वेळी काठी माझ्या खांद्यापर्यंत आत गेली. त्याचा चेहरा उतरला. तो बराच वेळ काठावर बसून होता, मग त्याने इतर तिघांनाही बोलावून आणले आणि तीच काठी घेऊन त्यांना दाखवली. तलावात पोहायला शिकलेल्या मुलाला धरणाचे पाणी तलावासारखेच वाटते. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्यात वाचतो. तळ चालवणाऱ्या प्रत्येकाने आलेल्या माणसांना पहिल्या तासात ही काठी पाण्यात टेकवून दाखवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. फलक लावून हे समजत नाही.

शनिवारी दिवसभर गट रतनवाडीला जाऊन आला. अमृतेश्वराच्या दगडी मंदिरावरचे कोरीवकाम आणि जवळची पुष्करणी यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे थांबत नाही. एक गोष्ट मात्र सांगते. मी या मंदिरात पाच-सहा वेळा एकटी गेले आहे आणि प्रत्येक वेळी खांब पाहून बाहेर आले आहे. यावेळी औषधवाले काका पायरीशी बसून राहिले आणि त्यांनी मला हाक मारून दगड कुठे कुठे झिजला आहे ते दाखवले: उंबऱ्याचा मधला भाग, आणि दारातून आत जाताना हात टेकतो ती चौकटीची कड. शेकडो वर्षे लोकांनी एकाच जागी हात टेकला, हे माझ्या एकटीच्या लक्षात कधी आले नव्हते.

संध्याकाळी शेकोटी केली ती जमिनीवर नव्हे, तर बाबांच्या पत्र्याच्या अर्ध्या पिंपात; त्यामुळे जमीन जळत नाही आणि राख सकाळी शेतात टाकता येते. अमावास्या होऊन तीन दिवस झाले होते. चंद्राची कोर आठच्या सुमारास मावळली आणि आकाश खुले झाले. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका, त्याच्या खाली रोहिणी, धरणाच्या बाजूने वर आलेला मृग आणि त्याच्या मागून व्याध. मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव ऐन भरात यायला एक-दोन रात्री बाकी होत्या. हा वर्षाव धूमकेतूच्या धुळीपासून होत नाही, तर फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेल्या कणांपासून होतो, एवढे मी सांगितले आणि मग कुणालाच काही सांगायची गरज उरली नाही. सगळे पाठीवर आडवे झाले. एकट्याने उल्का पाहणे आणि चौदा जणांनी पाहणे यांत एक मोठा फरक आहे: एकट्याच्या नजरेत आकाशाचा एकच तुकडा असतो, इथे प्रत्येक दिशेला कुणी ना कुणी पाहत होते, आणि कुणीतरी "ती गेली" म्हटले की बाकीचे तिकडे वळेपर्यंत दुसऱ्या बाजूने आवाज येई. दहा वर्षांच्या मुलाने तेवीस मोजल्या. त्यातल्या सात मी पाहिल्या.

साडेअकराला मंडळी उठू लागली. मी माझ्या तंबूकडे निघाले तेव्हा सिस्टर मावशी पिंपाशेजारी खुर्ची ओढून, शाल लपेटून, एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी मला थांबवले. "तू काल भाकरी खाताना म्हणालीस ते मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "मी एकतीस वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केल्या. निवृत्त झाले तरी मला दोन-अडीचच्या आत झोप येत नाही, आणि आली तरी मी अर्ध्या तासाने उठतेच. घरी उठून भिंतीकडे बघते. इथे शेकोटीकडे बघीन. तू कान बंद कर आणि झोप. काही लागलं तर मी आहे." मी काहीतरी म्हणायला गेले, पण त्यांनी वॉर्डातल्या रुग्णाला दाखवावा तसा मला हाताने तंबू दाखवला. त्या हाताच्या इशाऱ्यात अशी काही खात्री होती की मी निमूटपणे गेले. शिटी गळ्यातून काढून पिशवीत ठेवली. टॉर्च मात्र सवयीने बुटातच राहिला.

मला जाग आली तेव्हा तंबूच्या कापडावर ऊन पडले होते. सव्वासात वाजले होते. नऊ वर्षांत तंबूत असताना मी सूर्योदय चुकवलेला हा पहिला दिवस. पहिल्या क्षणी मला घाबरायला झाले; काहीतरी वस्तू हरवल्यासारखे मी उठून बसले. मग हळूहळू लक्षात आले की मान दुखत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, आणि आदल्या दिवसाचे प्रत्येक दृश्य अगदी स्वच्छ आठवते आहे.

सिस्टर मावशी चुलीपाशी चहा घेत होत्या. मी शेजारी बसले आणि विचारले, "रात्र कशी गेली?" वॉर्डातली पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला अहवाल द्यावा, तशी त्यांनी मला रात्र सांगितली. साडेबाराला वारा गडाकडून सुरू झाला आणि पिंपातल्या ठिणग्या उडू लागल्या, म्हणून त्यांनी दोन ओंडके बाजूला काढले. सव्वाएकला लहान मुलगा उठला. त्याला त्या बांधापर्यंत घेऊन गेल्या, येताना त्याने आणखी एक उल्का पाहिली आणि आकडा चोवीसवर नेला. दोनच्या पुढे समोरच्या काठावर कोल्हे ओरडले, आधी एक, मग तीन-चार. अडीचला तरुणांपैकी एक जण, तोच पोहायला निघालेला, स्वतःहून शेजारी येऊन बसला आणि आपल्या वडिलांच्या आजारपणाविषयी तासभर बोलला. चारनंतर वारा पडला, पाणी काचेसारखे झाले आणि मृग पलीकडच्या डोंगरावर टेकला. पाचला टिटवी. साडेपाचला बाबा उठले, त्यांनी राख सारली आणि मावशींच्या हातात चहा दिला.

माझ्या आवडत्या दोन तासांची हकिगत मी पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकत होते. ते तास मी गमावले याचे मला वाईट वाटले, आजही वाटते. पण मी एकटी असते तर तो मुलगा कुणाशी बोलला असता, हाही विचार मनातून जात नाही.

रविवारी दहाला तंबू काढला. वरच्या खाचरातले चार तंबू आतून कोरडे होते. खालच्या ओळीतल्या लोकांची पांघरुणे बांधावर वाळत घातली होती. कचऱ्याची दोन पोती भरली, त्यातले एक आमचे आणि दुसरे पाण्याच्या काठाने सापडलेले, आधीच्या लोकांचे. दोन्ही गाडीच्या टपावर बांधून नाशिकला नेण्यात आली. निघताना बाबांच्या पत्नीने वालाचे मूठभर बी कागदात बांधून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "एकल्या आल्या तर अंगणात लावा तंबू. मी चुलीपाशीच झोपते."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे, यावेळी एकटी. बहिणीला कळवले आहे. तंबू त्यांच्या अंगणातच लावीन आणि चारचा गजर लावून झोपेन. सिस्टर मावशींनी रात्री दोनला फोन केला तरी चालेल असे बजावून सांगितले आहे, कारण त्या वेळी त्या जाग्याच असतात.